ताण पडल्यावर पीक आपलाच मजकूर कसा कापतं

शाळू

माझं माहेर मंगळवेढ्याच्या काळ्या रानातलं. तिथली मालदांडी ज्वारी ज्यांनी पाहिलीये त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची, आणि पुढे पाऊस आला तर आला. जमिनीत मुरलेल्या ओलीवर ते पीक फेब्रुवारीपर्यंत उभं राहतं. वडील म्हणायचे, "शाळू सोसतो." गेली काही वर्षं मी वनस्पतींवरच्या ताणाचा अभ्यास करते. आता मला वाटतं की 'सोसणं' म्हटलं की झाड गप्प उभं असल्यासारखं वाटतं, आणि आत तर नुसती धावपळ चाललेली असते. त्या धावपळीतला एक भाग मराठीत फारसा कुणी लिहिलेला मला सापडला नाही, म्हणून हा धागा.

शाळेत आपण शिकलो: डीएनएत जनुक, जनुकाची नक्कल म्हणजे आरएनए, नकलेवरून प्रथिन. मधली एक पायरी मात्र घाईत राहून जाते. वनस्पतीत काय नि माणसात काय, जनुकातला मजकूर सलग नसतो. कामाचा परिच्छेद, मग बिनकामाचा वाटणारा लांबलचक मजकूर, मग पुन्हा कामाचा. कामाचे तुकडे म्हणजे एक्झॉन, मधले म्हणजे इंट्रॉन. नक्कल आधी सगळ्याची निघते, मग इंट्रॉन कापून टाकायचे आणि एक्झॉन एकमेकांना जोडायचे. हेच स्प्लायसिंग, मी त्याला काटछाट म्हणणार आहे. जनुकं अशी तुटक असतात हे १९७७ मध्ये एका विषाणूच्या अभ्यासातून कळलं. त्यासाठी रिचर्ड रॉबर्ट्स आणि फिलिप शार्प यांना १९९३ चं नोबेल मिळालं.

खरी गंमत पुढे आहे. काटछाट दर वेळी एकसारखी होत नाही. एकाच नकलेचा एखादा तुकडा कधी ठेवला जातो, कधी गाळला जातो, आणि प्रथिन बदलतं. कधी प्रथिन बनतच नाही. उन्हाचा चटका, थंडी, मिठाची जमीन, पाण्याची ओढ, यांतलं काही आलं की झाड ही काटछाट बदलतं.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण मक्याचं. डीआरईबी२ए नावाचं एक जनुक आहे. त्याचं प्रथिन म्हणजे गावचा दवंडीवाला: ते इतर कितीतरी जनुकांना 'ताण आलाय, उठा' असं सांगतं. जपानमध्ये काझुको यामागुची-शिनोझाकी यांच्या गटाला २००७ मध्ये दिसलं की मक्यात या जनुकाच्या दोन तऱ्हेच्या नकला असतात. एकीत ५३ अक्षरांचा एक जादा तुकडा राहिलेला असतो, दुसरीत नसतो. आता ५३ ला तीननं भागा. दोन उरतात. पेशी नक्कल तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचते, त्यामुळे ही उरलेली दोन अक्षरं पुढचा सगळा मजकूर बिघडवतात. तीन अक्षरी शब्दांचं एक वाक्य घेऊ:

पाऊस थांबला विहीर आटली झाडाला जपावे

आता 'पाऊस'नंतर 'कट' ही दोनच अक्षरं घुसवा आणि तीन-तीननंच वाचा:

पाऊस कटथां बलावि हीरआ टलीझा डालाज पावे

एक अक्षरही पुसलेलं नाही, तरी निरोप गेला. ताण आला की मक्यात बिनतुकड्याची, म्हणजे वाचता येणारी नक्कल वाढते. त्याच गटानं २०१० मध्ये भातातल्या डीआरईबी२बी या जनुकातही हाच प्रकार दाखवला. सुखाच्या दिवसांत मुख्यतः न वाचता येणारी नक्कल, उष्णता किंवा कोरड आली की वाचता येणारीचं प्रमाण वर.

प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी दिसतं. पानातला आरएनए काढायचा, हव्या त्या भागाच्या पुष्कळ प्रती करायच्या आणि जेलवर पळवायच्या. लांब नक्कल मागे राहते, आखूड पुढे जाते. पाणी दिलेल्या झाडाच्या रांगेत वरची पट्टी ठळक असते. ताण दिलेल्या झाडाच्या रांगेत खालची पट्टी उजळते. पहिल्यांदा ते पाहिलं त्या रात्री मी वडिलांना फोन करून उठवलं होतं.

नदीकाठ

वाखुसा (वाचनखूण साठवली). तीन अक्षरी वाक्यानं एका फटक्यात कळलं, मुलीला तसंच समजावलं. एक प्रश्न: कापतं कोण? कात्री कुणाच्या हातात आहे?

द्राक्षवेल

ताई, आम्ही तासगावकडचे बागायतदार. आमच्याकडे एकाच वेलीची वर्षातून दोनदा छाटणी. एप्रिलात खरड छाटणी, त्यातून काडी तयार होते. ऑक्टोबरात फळछाटणी, त्यातून घड. वेल तीच, मुळं तीच, कुठल्या डोळ्यावर कापलं त्यावर वर्षाचं उत्पन्न. तुमचं वाचताना सारखं तेच डोळ्यापुढं येत होतं. बरोबर आहे का?

शाळू

द्राक्षवेल दादा, उपमा इतकी चपखल आहे की इथून पुढे मी शिकवताना तीच वापरणार. एक फरक तेवढा ध्यानात ठेवा. तुम्ही वेल कापता, इथे मूळ वेलीला, म्हणजे डीएनएला, हात लागत नाही. नक्कल कापली जाते. म्हणून पाऊस पडून ताण सरला की झाड पुन्हा जुन्या काटछाटीवर येऊ शकतं.

नदीकाठ, कात्री म्हणजे स्प्लायसोझोम. यू१, यू२, यू४, यू५, यू६ अशा पाच छोट्या आरएनएंचे आणि त्यांच्या सोबतच्या ढीगभर प्रथिनांचे गट मिळून हे यंत्र दर नकलेवर नव्यानं जुळतं. बहुतेक इंट्रॉन 'जीयू' या दोन अक्षरांनी सुरू होतात आणि 'एजी'नं संपतात, पण अशी जोडअक्षरं मजकुरात जागोजाग असतात. नेमकं कुठल्या जागी कापायचं?

ते ठरवायला खुणा करणारे लागतात. शिंपी कापडाला कात्री लावण्याआधी खडूनं रेघा मारतो ना, तशा रेघा मारणारी प्रथिनं म्हणजे एसआर प्रथिनं. त्यांच्या साखळीत सेरीन आणि आर्जिनीन ही अमिनो आम्लं भरपूर असतात, म्हणून एसआर. माणसात ती १२ आहेत. अरॅबिडॉप्सिस हे मोहरीच्या कुळातलं वीतभर रोप आमचं प्रयोगाचं झाड, त्यात १८, आणि भातात २२. मला हे आकडे बोलके वाटतात. माणूस ऊन लागलं तर सावलीत जातो. भाताला पाय नाहीत, जे करायचं ते जागेवर उभं राहून करायचं.

या प्रथिनांवर फॉस्फेटचे गट चढतात-उतरतात आणि त्यानुसार त्यांचं वागणं बदलतं. ताणाचा निरोप त्यांच्यापर्यंत पोचण्याची ही एक वाट. शिवाय एसआर प्रथिनांच्या स्वतःच्या जनुकांची काटछाटही ताणात बदलते. म्हणजे खडूच बदलतो, आणि मग त्या खडूच्या रेघांवर चालणारी बाकी कितीतरी कापडं बदलतात.

एसआर४५ हे त्यांच्याच नात्यातलं एक प्रथिन. अरॅबिडॉप्सिसमध्ये ते काढून टाकलं तर फुलांच्या पाकळ्या बिघडतात, मूळ आखूड राहतं आणि रोप अॅब्सिसिक आम्लाला, म्हणजे वनस्पतीच्या ताणाच्या संप्रेरकाला, गरजेपेक्षा जास्त घाबरतं. या एसआर४५चेही काटछाटीतून दोन प्रकार होतात, फरक मोजक्या अमिनो आम्लांचा. बिघडलेल्या रोपात एक प्रकार परत घातला तर पाकळ्या सुधारतात पण मूळ नाही. दुसरा घातला तर मूळ सुधारतं पण पाकळ्या नाहीत! इतक्याशा फरकानं एक प्रथिन दोन खात्यांत वाटलं जातं.

सूक्ष्मदर्शी

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, रोज रक्ताचे नमुने बघतो. आमच्याकडे काटछाट चुकणं म्हणजे आजार. आपल्या देशात बीटा थॅलेसेमियाचा सर्वांत जास्त आढळणारा दोष हाच आहे: बीटा ग्लोबिन जनुकाच्या पहिल्या इंट्रॉनमधलं पाचवं अक्षर, जी ऐवजी सी. एवढ्यावरून कापायची जागा चुकते, हिमोग्लोबिन नीट बनत नाही आणि लहानग्याला आयुष्यभर रक्त चढवावं लागतं. त्या आईवडिलांशी बोलताना मी अनेकदा कागदावर हा इंट्रॉन काढून दाखवलाय.

म्हणून एक शंका मनापासून विचारतो. ताणात पेशीची सगळीच यंत्रणा डळमळते. तुम्हाला दिसणारी बदललेली काटछाट हा झाडाचा प्रतिसाद कशावरून? उन्हानं कात्री नीट चालेनाशी झाली, एवढंच असलं तर?

शाळू

डॉक्टर, या क्षेत्रातला सगळ्यात कळीचा प्रश्न तुम्ही विचारलात.

आधी तुमच्या बाजूनं. वनस्पतीत काटछाटीतला सर्वाधिक आढळणारा बदल म्हणजे इंट्रॉन तसाच राहून जाणं. माणसात मधला एक्झॉन गाळला जाण्याचं प्रमाण जास्त. अरॅबिडॉप्सिसच्या इंट्रॉनवाल्या जनुकांपैकी सुमारे ६० टक्क्यांत एकाहून अधिक तऱ्हेची काटछाट सापडते. यातली प्रत्येक गोष्ट झाडानं ठरवून केलीये असं मी म्हणणार नाही. कडक उन्हात राहून गेलेले पुष्कळ इंट्रॉन म्हणजे निव्वळ गडबड असणार. अशा बऱ्याच नकला पेशी स्वतःच ओळखून मोडीत काढते.

मग प्रतिसाद कशाला म्हणायचं? माझी कसोटी अशी: ती एक काटछाट बदलली तर झाडाचं ताणातलं वागणं बदलतं का?

एचएबी१ चं उदाहरण घ्या. पाणी कमी पडलं की अॅब्सिसिक आम्ल वाढतं आणि पानांवरची रंध्रं मिटतात, वाफ उडणं थांबतं. एरवी या निरोपावर ब्रेक लावून ठेवणारं प्रथिन म्हणजे एचएबी१. त्याच्या नकलेत एक इंट्रॉन राहून गेला की प्रथिन अर्धवट बनतं आणि त्याचा ब्रेक लागत नाही. म्हणजे त्याच जनुकातून ब्रेकही मिळतो आणि निकामी ब्रेकही. तो इंट्रॉन काढायला आरबीएम२५ नावाचं काटछाटीचं प्रथिन मदत करतं. ते नसलेल्या रोपात निकामी ब्रेकचं प्रमाण वाढतं आणि रोप त्या संप्रेरकाला फार हळवं होतं. इथे दुवा सलग दिसतो: खुणा करणारं प्रथिन, एक विशिष्ट इंट्रॉन, आणि रोपाचं वागणं.

दुसरा पुरावा निसर्गातून. ताणात अनेक झाडं प्रोलीन हे अमिनो आम्ल साठवतात, ते बनवणाऱ्या पी५सीएस१ जनुकाचा तिसरा एक्झॉन अरॅबिडॉप्सिसच्या काही रानटी वाणांत गाळला जातो, तिथे प्रोलीन कमी साठतं. २०१२ मध्ये दाखवलं गेलं की हा फरक ते वाण मूळ जिथले, तिथल्या हवामानाशी जुळतो. नुसती गडबड असती तर ती हवामान बघून पसरली नसती.

आणि एसएडी१ नावाचं जनुक. २००१ मध्ये एक रोप सापडलं, जे कोरडीत लगेच मान टाकायचं. दोष निघाला काटछाटीच्या यंत्रातल्या एलएसएम५ या छोट्या प्रथिनात. पुढे हेच प्रथिन जास्त बनवणारी रोपं तयार केली तर ती खारेपणा जास्त सहन करू लागली. तुमच्या थॅलेसेमियात कापायच्या जागेचं अक्षर बिघडलेलं असतं, इथे कापणाऱ्यांपैकीच एक जण. म्हणून परिणाम एका जनुकापुरता राहत नाही.

सूक्ष्मदर्शी

समाधान झालं. हवामानाशी जुळणारा पुरावा मला सगळ्यात पटला.

ओसाकाकर

थोडं अवांतर, पण भाताचा विषय निघालाय म्हणून. इथे जपानमध्ये राहून आठ वर्षं झाली. इथला भात गोळा होऊन बसतो, चॉपस्टिकनं उचलता येतो. घरून आणलेला बासमती तसा कधीच होत नाही. यात काटछाटीचा काही संबंध असतो का, की उगाच विचारतोय?

शाळू

अहो, अवांतर कसलं! हे उदाहरण मीच विसरले होते.

भाताचा चिकटपणा बराचसा अमायलोज नावाच्या स्टार्चवर ठरतो. अमायलोज कमी, भात चिकट. ते बनवणारं जनुक म्हणजे वॅक्सी. जपानी धाटणीच्या तांदळांत या जनुकाच्या पहिल्या इंट्रॉनचं अगदी पहिलं अक्षर बदललेलं आहे: जी च्या जागी टी. वर सांगितलं ना, इंट्रॉन 'जीयू'नं सुरू होतो (डीएनएत तेच 'जीटी')? ती खूणच पुसट झाली. त्यामुळे काटछाट नीट होत नाही, प्रथिन कमी बनतं, अमायलोज कमी आणि भात मऊ चिकट. डॉक्टरांच्या थॅलेसेमियासारखाच दोष, पण हजारो वर्षांपूर्वी कुणाला तरी त्याची चव आवडली आणि ते बी जपलं गेलं.

आता हवामानाकडे येते. या पुसट खुणेवरची काटछाट तापमानावर हलते. दाणा भरताना हवा गार असेल तर कापणी बरी होते आणि अमायलोज वाढतं. हवा गरम असेल तर अमायलोज उतरतं. एकाच वाणाचा भात दोन वर्षी वेगळा शिजण्यामागे हेही एक कारण असतं. आणि भातात 'डल' नावाचे काही उत्परिवर्तित वाण आहेत, त्यांत अमायलोज आणखी कमी. त्यांतल्या डल-१ चं जनुक शोधलं तेव्हा ते निघालं काटछाटीच्या यंत्रातल्याच एका प्रथिनाचं.

कोरडवाहू

सगळं वाचलं, दोनदा वाचलं. ताई, राग मानू नका. माझं सहा एकर जिरायत, माण तालुक्यात. गेल्या रब्बीत ज्वारी पोटरीत (कणीस बाहेर पडण्याआधी) असताना ओल संपली, कणसं निम्मी भरली. तुम्ही म्हणता झाडाला सगळं कळतं. मग ते बी आम्हाला कधी मिळणार?

शाळू

दादा, राग कसला. आमच्या घरी हेच बोलणं होतं.

उद्या दुकानात जाऊन 'काटछाट सुधारलेलं बी द्या' असं म्हणावं, असं काही आज माझ्याकडे तुम्हाला सांगण्यासारखं नाही. हे आधी स्पष्ट सांगते.

मग यात जीव का घालतोय? दवंडीवाल्या जनुकांची एक जुनी अडचण आहे. १९९० च्या दशकात डीआरईबी१ए हे जनुक अरॅबिडॉप्सिसमध्ये कायमचं चालू ठेवून पाहिलं. रोपं थंडी, कोरड, खार सगळं सोसू लागली, पण खुजी राहिली. दिवसरात्र दवंडी पिटत राहिली तर शेतात काम कोण करणार? १९९९ मध्ये त्याच जपानी गटानं ते जनुक फक्त ताणातच चालू होईल अशी कळ लावली, तेव्हा वाढ पुष्कळ सुधारली. मका आणि भात हेच काटछाटीनं साधतात. निरोपाच्या नकला निघत राहतात, पण वाचता येत नाहीत, म्हणून वाढीला झळ नाही. ताण येताच वाचता येणाऱ्या नकलांचं प्रमाण वाढतं. ही कळ पिकाची स्वतःची आहे. ती कुठल्या वाणात लवकर दाबली जाते, कुठल्यात उशिरा, हे कळलं तर निवडीला एक नवी खूण मिळेल. मला हेच हवंय.

मे २०२५ मध्ये आपल्या देशात जनुक-संपादनानं केलेल्या भाताच्या दोन वाणांची घोषणा झाली. त्यातला पुसा डीएसटी राइस १ हा एमटीयू १०१० या वाणावरून केलेला, त्यात ताणाशी संबंधित डीएसटी या जनुकात बदल केलाय. तो काटछाटीचा मार्ग नाही, पण एका जनुकात नेमका बदल करून वाण उभा राहू शकतो एवढं त्यातून दिसतं.

काळीमाती

कृषी पदवीधर आहे, ज्वारीच्या चाचण्यांवर काम केलंय. शाळूताई, लेखन उत्तम, पण एक खबरदारी. मालदांडी टिकते ती खोल मुळांवर, पानांवरच्या मेणावर, आणि दाणा भरेपर्यंत पानं हिरवी ठेवण्यावर. या गुणांमागे एक जनुक नाही, बरीच आहेत. शिवाय कोरडवाहू दादांच्या रानात ज्वारी हटली ती ओल संपल्यामुळे. मातीत पाणीच नसेल तर काटछाट काय करेल? बांधबंदिस्ती, पेरणीची वेळ, झाडांची संख्या यांचं मोल कमी होऊ नये.

शाळू

अगदी मान्य. मातीत नसलेलं पाणी कुठल्याही प्रथिनाला निर्माण करता येत नाही. आणि वर दिलेले बहुतेक पुरावे अरॅबिडॉप्सिस, भात, मका यांचे आहेत. ज्वारीचा जनुकसंच २००९ मध्ये वाचून झालाय, म्हणजे शोधायला नकाशा आहे. मला जो प्रश्न पडतो तो तुम्ही सांगितलेल्या गुणांच्या आतलाच: शेवटच्या पंधरवड्यात मालदांडीची पानं हिरवी राहतात, तेव्हा त्या पानांत कुठल्या नकला वाचता येण्याजोग्या असतात?

कोरडवाहू

तेवढं बघायचं असेल तर माझं रान आहे. पण पानं तोडून कुरिअरनं पाठवली तर चालतील का?

शाळू

नाही चालणार, दादा, आणि कारण सांगते. पान तोडलं की ते पानाला जखमच वाटते. काही मिनिटांत आतल्या नकला बदलू लागतात. मग मला कोरडीचा निरोप दिसणार नाही, तोडल्याचा दिसेल. म्हणून आम्ही शेतातच पान तोडून तत्क्षणी द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवतो, उणे १९६ अंशांवर. जे जसं आहे ते तिथेच गोठतं. वेळही महत्त्वाची, कारण काटछाटीत दिवस-रात्रीच्या लयीनंही फरक पडतो. सकाळी आठचं पान आणि दुपारी दोनचं पान यांची तुलना करून चालत नाही.

कोरडवाहू

वेळेचं म्हणाल तर आमच्याकडं ओल कमी झाली की दुपारी बाराच्या पुढं ज्वारीच्या पानांची पुंगळी होते. ऊन उतरलं की उघडतात. ओल आणखी घटली की पुंगळी सकाळी लवकर होते आणि संध्याकाळी उशिरा सुटते. शेवटी सुटतच नाही.

शाळू

दादा, हे मला कुठल्याच निबंधात इतकं नेमकं वाचायला मिळालं नव्हतं. यंदा एक करता का? पोटरीत येण्याच्या आधीपासून, रोज, एकाच ठिकाणच्या दहा ताटांची पुंगळी किती वाजता झाली आणि किती वाजता सुटली, एवढं वहीत लिहा. वेगळं वाण शेजारी असेल तर त्याचंही. नमुने कुठल्या दिवशी, कुठल्या तासाला गोठवायचे ते त्या वहीवरून ठरवू. नायट्रोजनची टाकी घेऊन मी येते.

कोरडवाहू

बांधापलीकडं चुलत्याची संकरित आहे. दोन्हीचं लिहितो.